काकांची लॉगशीट

मे २०२४ मध्ये आमच्या धावणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर काकांनी त्यांच्या नव्या घड्याळाचा फोटो टाकला. व्हीओटू मॅक्स, म्हणजे जोर लावल्यावर शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं त्याचं माप, ४४. फेब्रुवारीत हाच आकडा ३८ होता. त्याखाली घड्याळाचा शेरा असा, की तुमचं शरीर चाळिशीतल्या माणसासारखं आहे. काका तेव्हा कागदोपत्री ६२ वर्षांचे. ग्रुपवर फुलं, मुठी आणि वाघांची रांग लागली. मीही अंगठा दाखवून मोकळी झाले.

त्याच आठवड्यात मी काकांबरोबर कॅनॉलकडेच्या रस्त्यावर सहा किलोमीटर पळाले होते आणि त्यांच्यासाठी मला दोनदा थांबावं लागलं होतं. एरवी मीच मागे असते. हे थांबणं आणि तो आकडा मी शेजारी शेजारी ठेवून पाहिले नाहीत. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते, मोजमापातल्या चुका हा माझा दर वर्षीचा पहिला धडा असतो, म्हणून ही कबुली आधीच देऊन ठेवते. पुढचं सगळं काकांच्या परवानगीने लिहिलं आहे. नाव मात्र लिहायचं नाही, ही त्यांची अट.

काका साताऱ्याचे. वीज मंडळात सबस्टेशन ऑपरेटर म्हणून लागले, २००५ साली मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तरी त्यांच्या तोंडी ते 'बोर्ड'च राहिलं, आणि २०१९ मध्ये ते अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. सबस्टेशनमध्ये दर तासाला लॉगशीट भरावी लागते. व्होल्टेज, करंट, ट्रान्सफॉर्मरच्या तेलाचं तापमान. रात्री तीन वाजताही उठून मीटरपाशी जायचं आणि आकडा लिहायचा. ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नाही. २०१३ मध्ये, साखर वाढेल या धास्तीने, ते पळायला लागले तेव्हापासून त्यांच्याकडे दोनशे पानी वह्या आहेत. तारीख, अंतर, वेळ, झोप किती, हवा कशी, आणि शेवटचा रकाना 'कसं वाटलं'. त्यात दहापैकी आकडा. एक म्हणजे फिरायला गेल्यासारखं, दहा म्हणजे जीव जातोय. या रकान्याबद्दल मी त्यांना एकदा हसले होते. ते म्हणाले, "तेल किती तापलंय ते लिवायचं असतंय मास्तरीणबाई. काय झालं न्हाई, तरी लिवायचं."

या वह्यांमधून त्यांचा आलेख काढायला फार कष्ट पडत नाहीत. जानेवारी २०१६ मध्ये मुंबईला अर्धमॅरेथॉन १ तास ५२ मिनिटं. ती त्यांची सपाटीवरची सर्वोत्तम वेळ. त्याच वर्षी आपल्या सातारा हिल हाफ मॅरेथॉनमध्ये, म्हणजे यवतेश्वरचा घाट चढून वर जायचं आणि त्याच वाटेने खाली यायचं, २ तास १२ मिनिटं. २०१९ मध्ये २:१९. मग करोनाची वर्षं. २०२२ मध्ये २:२७ आणि २०२३ मध्ये २:३१. त्या दिवशी घरी येऊन त्यांनी वहीच्या मागच्या पानावर लाल पेनने लिहिलं: 'पुढच्या वर्षी सव्वादोनच्या आत.' या पानाचा फोटो मी पुढे कितीतरी वेळा बघितला, कारण सगळ्या भानगडीचं मूळ तिथे आहे. हे ध्येय पंचावन्नाव्या वर्षातल्या काकांनी बासष्टाव्या वर्षातल्या काकांसाठी ठरवून ठेवलं होतं. मधल्या सात वर्षांना कुणी विचारलंच नव्हतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये लेकीने जीपीएसचं घड्याळ भेट दिलं. मनगटावर मागच्या बाजूने हिरवा उजेड टाकून नाडी मोजणारं. काकांना ते पहिल्या दिवसापासून आवडलं, कारण ती आपोआप भरली जाणारी लॉगशीटच होती. वही सुरू राहिली, पण पहिला मान घड्याळाला. घड्याळाने त्यांच्या वयावरून नाडीची कमाल मर्यादा १५८ धरली, म्हणजे २२० वजा वय हे सगळ्यांना माहीत असलेलं सूत्र. ते ढोबळ आहे. २००१ पासून संशोधक २०८ वजा वयाच्या ०.७ पट हे दुसरं सूत्र वापरतात, त्याने काकांचे १६४ ते १६५ येतात. आणि दोन्ही सूत्रं सरासरीची आहेत. एकाच वयाच्या दोन माणसांत वीस ठोक्यांचा फरक सहज असू शकतो. त्या १५८ वरून घड्याळाने पाच झोन, म्हणजे कमी-जास्त जोराचे नाडीचे टप्पे, आखून दिले आणि काका झोनप्रमाणे पळायला लागले.

मार्चच्या ११ तारखेला त्यांना रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दाब १६० च्या वर गेला होता आणि अधूनमधून छातीत धडधड व्हायची. गोळी बीटा-ब्लॉकर जातीची होती. डॉक्टरांनी पळण्याबद्दल विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही. आमच्या पिढीला आणि त्याआधीच्या पिढीला डॉक्टरांसमोर आपलं शौकपाणी सांगायला संकोच वाटतो. वहीत त्या दिवशी फक्त 'दवाखाना' एवढं लिहिलेलं आहे, तेही समासात.

त्यानंतर घड्याळ खूश होत गेलं. विश्रांतीची नाडी ६१ वरून ५२. तेच सहा किलोमीटर पळताना सरासरी नाडी १३८ वरून ११८. व्हीओटू मॅक्स चढत चढत ४४. घड्याळाची रीत सोपी आहे: ते शरीरातला ऑक्सिजन मोजत नाही, वेग आणि नाडी यांची सांगड घालून अंदाज बांधतं. या वेगाला इतकी कमी नाडी पुरते, अर्थात हृदय दणकट असणार, असा त्याचा तर्क. हृदयावर ॲड्रेनलिनचा परिणाम रोखणारं औषध पोटात गेलंय, हे त्याला कोण सांगणार? बीटा-ब्लॉकरने नाडीचा खालचा आणि वरचा, दोन्ही आकडे उतरतात. जोरात पळताना हृदयाला जितकं वेगाने धावायचं असतं तितकं ते धावू शकत नाही. पाय जड होतात, चढावर दम लवकर संपतो. इकडे घड्याळ टाळ्या वाजवतंय.

काका झोन चारच्या मागे लागले. झोन तीन म्हणजे त्यांच्या घड्याळात १११ ते १२६, चार त्याच्या वर. आठवड्यातून दोनदा जोरदार सराव करताना घड्याळ १४० दाखवायला हवं होतं आणि ते १२५ च्या पुढे सरकेना. त्यांनी अर्थ काढला, की आपण आळस करतोय, आणखी जोर लावायला हवा. जूनच्या मध्यावर, पहिल्या पावसाने घाट ओला झाला होता त्या रविवारी, यवतेश्वरच्या चढावर शंभर-शंभर मीटरचे वेगवान टप्पे मारताना डाव्या पोटरीत मागून कुणीतरी दगड मारल्यासारखं त्यांना वाटलं. त्यांनी वळूनही पाहिलं म्हणे, कोण आहे म्हणून. कुणी नव्हतं. पोटरीचा स्नायू फाटला होता. साठीच्या आसपासच्या पळणाऱ्या पुरुषांचं हे नेहमीचं दुखणं.

सहा आठवडे पळणं बंद. मी बघायला गेले तर काका दिवाणावर पाय उशीवर ठेवून बसले होते, आणि काकू चहा देता देता म्हणाल्या, "ते घड्याळ काढून ठेवा म्हणावं आधी." काका मनगट पुढे करून म्हणाले, "ह्ये म्हणतंय तरणा झालास, आन् पाय म्हणत्यात गप बस. खरं कुणाचं मानायचं?"

मला तो प्रश्न आवडला, कारण तो प्रयोगशाळेतला होता. दोन उपकरणं दोन वेगळी मापं देत असतील तर सरासरी काढायची नसते, चूक कुठल्यात आहे ते शोधायचं असतं. मी चार वर्षांच्या वह्या पिशवीत भरून घरी आणल्या.

कॅनॉलकडेचा सहा किलोमीटरचा सपाट पट्टा ते वर्षानुवर्षं दर मंगळवारी पळत आले होते. हे नशीब. रोज नवा रस्ता पळणाऱ्याच्या वहीतून काही शोधणं अवघड असतं. संशयित तीन होते: ऊन, वय आणि गोळी.

ऊन आधी घेतलं, कारण काकांचा स्वतःचा अंदाज तोच होता. २०२२ आणि २०२३ च्या वह्यांत फेब्रुवारीतली वेळ ४२ मिनिटांच्या आसपास आणि एप्रिल-मेमधली ४३ ते ४३:३०. म्हणजे उन्हाळा मिनिटभर ते दीड मिनिट खातो आणि पावसाचा पहिला आठवडा ते परत देतो. २०२४ मध्ये मात्र मेच्या शेवटी ४५:२० आणि जूनच्या पहिल्या गार मंगळवारीही ४५:०५. ऊन गेलं, पण वेळ परत आला नाही. उन्हाने दीड मिनिट खाल्लं असेल, उरलेली दोन मिनिटं दुसऱ्याने.

वयही लवकर सुटलं. वय असं एका महिन्यात येत नाही.

राहिली गोळी. इथे सकाळच्या नाडीने उत्तर दिलं. ६१ वरून ५२ हा उतार मार्चमध्ये, गोळी सुरू झाल्यावर दहा-बारा दिवसांत झाला होता. सरावाने विश्रांतीची नाडी उतरते, पण महिन्यांच्या हिशेबाने, एकेक दोनदोन ठोके करत. दहा दिवसांत नऊ ठोके उतरवणारा सराव जगात नाही. आणि ज्या रकान्याला मी हसले होते तोच शेवटी साक्षीदार निघाला. 'कसं वाटलं': फेब्रुवारीत ५, ५, ४, ५. एप्रिलमध्ये ६, ७, ७. मेमध्ये ८, ७, ८. वेग कमी, नाडी कमी, आणि त्रास जास्त. तब्येत सुधारली असती तर हे तीन आकडे असे एकत्र आले नसते.

स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी 'कसं वाटलं' याची रीतसर मोजपट्टी केली होती, ६ ते २० अशी. ती ६ पासून का सुरू होते हे मला फार उशिरा कळलं: आकड्याला दहाने गुणलं की तरुण निरोगी माणसाची साधारण नाडी यावी, म्हणून. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांचं हे गणित जुळत नाही, आणि म्हणूनच अशा माणसांनी नाडीच्या झोनपेक्षा स्वतःला वाटणाऱ्या त्रासाच्या आकड्यावर व्यायाम बेतावा असं सांगितलं जातं. काकांनी बोर्ग वाचलेला नव्हता. त्यांनी तेलाचं तापमान लिहिलं होतं.

काका, काकू आणि मी वही घेऊन हृदयरोगतज्ज्ञांकडे गेलो. एक गोष्ट इथे ठळक सांगते, कारण आमच्या ग्रुपमध्ये एकाने लगेच सल्ला दिला होता, "गोळी बंद करा, बघा कसे पळता." बीटा-ब्लॉकर स्वतःच्या मनाने अचानक सोडायची नसते. त्याने नाडी आणि दाब उसळू शकतात, हृदयाला धोका होऊ शकतो. तज्ज्ञांनी ट्रेडमिलवर ताणचाचणी केली, धडधडीचं कारण तपासलं, आणि मग टप्प्याटप्प्याने ती गोळी कमी करत दुसऱ्या जातीची सुरू केली. प्रत्येकाच्या बाबतीत असा बदल शक्य असतोच असं नाही. कित्येकांना बीटा-ब्लॉकर गरजेचीच असते, आणि ती घेऊनही लोक उत्तम पळतात. त्यांनी फक्त घड्याळाच्या टाळ्यांकडे दुर्लक्ष करायचं असतं.

ऑगस्टमध्ये काका पुन्हा चालत-पळत सुरू झाले तेव्हा सकाळची नाडी ६० वर आली होती आणि घड्याळाने व्हीओटू मॅक्स ३७ वर आणून ठेवला. काका खट्टू झाले. खरं बोलणारा आकडा त्यांना शिक्षा वाटला. त्यांना समजवायला मला दोन कप चहा लागले.

आता प्रश्न होता पुढचं ध्येय काय, आणि ते मोजायचं कशाने.

सव्वादोनचं लाल पान आधी बाजूला केलं. त्यासाठी एज ग्रेडिंगचा आधार घेतला. जागतिक मास्टर्स ॲथलेटिक्स संघटनेचे तक्ते आहेत, त्यात प्रत्येक वयाला आणि अंतराला एक प्रमाणवेळ दिलेली असते. त्या वयात माणसाला जास्तीत जास्त किती वेगाने पळता येतं याचा तो अंदाज. आपली वेळ त्याच्या किती टक्के भरते ते काढायचं. साठ टक्के म्हणजे गावात बरा, सत्तर म्हणजे भागात, ऐंशी देशात, नव्वद जगात. काकांची मुंबईची २०१६ ची वेळ साठच्या आसपास बसते. घाटातल्या शर्यतीला हे टक्के लागू पडत नाहीत, कारण तक्ते सपाट रस्त्याचे आहेत. पण एकाच घाटातल्या दोन वर्षांची तुलना करायला वयाचा उतार तेवढा उचलता येतो. पन्नाशीनंतर तो वर्षाला साधारण एक टक्का पडतो, सत्तरीनंतर अधिक.

त्या हिशेबाने २०१६ चे १३२ मिनिटं सात वर्षांत १४१ ते १४२ व्हायला हवे होते. झाले १५१. नऊ-दहा मिनिटं वयाच्या खात्यावर टाकता येत नव्हती. मी वहीतून आठवड्याचे किलोमीटर काढले: २०१६ मध्ये सरासरी ४४, २०२३ मध्ये २७. काका गप्प बसले, मग म्हणाले, "नातवाला शाळेत सोडायला लागलो तवापासून." मला हा तक्त्याचा सगळ्यात मोठा उपयोग वाटतो. वयाने काय नेलं आणि नातवाने काय नेलं, हे तो वेगळं करून दाखवतो. नातवाने नेलेलं परत मागायचं की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. काकांनी नाही मागितलं.

इथे एक आडवळण घ्यावं लागतंय. एज ग्रेडिंगला जन्मतारीख लागते, आणि काकांची जन्मतारीख १ जून १९६१ आहे. त्यांच्या वयाच्या दहा माणसांच्या जन्मतारखा विचारा, तीन-चार तरी १ जून निघतील. शाळेत नाव घालताना गुरुजींनी जूनची पहिली तारीख टाकायची, ही त्या काळातली रीत. काकांच्या आईच्या आठवणीप्रमाणे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा ते दुसरीत होते. भूकंप ११ डिसेंबर १९६७ चा. म्हणजे काका कागदापेक्षा वर्षभराने तरी मोठे. फौजा सिंग यांनी शंभराव्या वर्षी, २०११ मध्ये, टोरांटोची मॅरेथॉन पूर्ण केली, पण जन्माचा दाखला नसल्याने गिनेसने तो विक्रम मानला नाही. काकांचा वाद विक्रमाचा नव्हता, तरी तो पुढे निघालाच.

मोजमापाची पद्धत आम्ही बसून ठरवली. कॅनॉलचा सहा किलोमीटरचा पट्टा हीच प्रयोगशाळा. महिन्यातून एकदा, सकाळी साडेसहाला, न्याहारीआधी, त्याच बुटांत. वेग नाडीवर ठरवायचा नाही, बोलण्यावर ठरवायचा. पळताना बोलता येतंय का, ही चाचणी जुनीच आहे, पण काय बोलायचं हे काकांनी ठरवलं: एकोणतीसचा पाढा. त्यांच्या शाळेत तो पाठ नसेल तर ओणवं उभं करत. एकोणतीस, अठ्ठावन्न, सत्त्याऐंशी अशी सुरुवात करून पूर्ण दहा आकडे दोन श्वासांत म्हणता आले तर वेग बरोबर. तिसरा श्वास लागला तर जरा हळू. एका श्वासात झाला तर जरा वाढवा. दर दोन किलोमीटरला एकदा. कालव्याकडेला म्हशी धुणारी पोरं पहिल्या दिवशी बघत राहिली.

मग मी त्यांना लघुतम माप समजावलं. मोजपट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतील तर त्याहून बारीक वाचायचं नसतं. तसंच या सहा किलोमीटरच्या वेळेचं. आधीच्या वह्यांत एकाच महिन्यातल्या एकसारख्या दिवसांच्या वेळा चाळीस-पंचेचाळीस सेकंदांनी मागेपुढे होत होत्या. म्हणजे मिनिटाच्या आतला फरक ही बातमी नाही. ती झोप असेल, आदल्या रात्रीचं लग्नाचं जेवण असेल. दर पळण्यानंतर 'आज वीस सेकंदांनी सुधारलो' म्हणणाऱ्या साठीच्या माणसाला या एका गोष्टीने फार शांतता मिळते. आणि फार निराशाही टळते.

घड्याळ आम्ही टाकून दिलं नाही. ते अंतर आणि वेळ ठेवतं, पण तेही तपासून. तोच पट्टा ते कधी ५.९२ म्हणायचं, कधी ६.११. घाटातल्या झाडीत याहून जास्त. शर्यतींचे रस्ते सायकलला मोजयंत्र लावून, सगळ्यात आखूड वाटेने मोजतात, शिवाय किलोमीटरमागे एक मीटर जास्तीचा धरतात. आपण वळणं बाहेरून घेतो, म्हणून अर्धमॅरेथॉनच्या शेवटी घड्याळ २१.३ किंवा २१.४ दाखवतं आणि लोक आयोजकांना शिव्या देतात. घड्याळाचा वेग बघून पळणाऱ्याने हे आधीच वजा करावं, नाहीतर घड्याळ म्हणतं वेळेत आहेस आणि कमान मात्र दोन मिनिटं उशिरा येते. मनगटावरची नाडी तर फेब्रुवारीत एकदा घाट उतरताना १६८ लागली होती. उतारावर? तो पावलांचा ठेका होता, पट्टा सैल असला की सेन्सर तोच धरतो. सकाळची नाडी काका आता अंथरुणातच, दोन बोटांनी, पूर्ण मिनिट मोजतात. नेहमीपेक्षा सात-आठने वर असली आणि दुसऱ्या दिवशीही तशीच असली, तर त्या दिवशी नुसतं चालणं.

वहीत दोन रकाने वाढले. 'पाढा', म्हणजे किती श्वासांत. आणि 'गोळी'. कुठलंही औषध सुरू झालं, बंद झालं, मात्रा बदलली की तारखेसह, समासात नाही, रकान्यात.

एड व्हिटलॉक यांची गोष्ट मी काकांना याच सुमारास सांगितली. कॅनडातले हे गृहस्थ २००४ मध्ये, त्र्याहत्तराव्या वर्षी, मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटं ४८ सेकंदांत पळाले, आणि ८५ व्या वर्षी चार तासांच्या आत. सराव कुठे, तर घराजवळच्या दफनभूमीत, त्याच वाटेवर फेऱ्यांवर फेऱ्या. काकांना वेळेचं कौतुक नाही वाटलं. "एकच रस्ता ना? मग त्याला कळत असणार," एवढंच म्हणाले.

२०२४ ची घाटातली शर्यत काका पळाले नाहीत. यवतेश्वरच्या एका वळणावर टेबल लावून मीठ-लिंबू आणि केळ्याचे तुकडे वाटत उभे राहिले, भिजत. मी वर जाताना त्यांनी माझ्या हातात तुकडा दिला आणि विचारलं, "कितीवर हाय?" मी नाडी सांगायला घड्याळ बघितलं तर ओरडले, "ते न्हवं, कसं वाटतंय?" मी म्हटलं आठ. "मग हळू जा की."

पुढचं वर्ष बांधणीचं. इथे फार सांगण्यासारखं नाही, कारण काम कंटाळवाणं होतं आणि त्यांनी ते केलं. आठवड्याऐवजी दहा दिवसांचं चक्र केलं, कारण जोरदार पळण्यानंतर त्यांना पूर्वी दोन दिवस लागायचे ते आता तीन-चार लागत होते, आणि सात दिवसांत दोन जोरदार दिवस बसवायच्या अट्टाहासानेच पोटरी गेली होती. दहा दिवसांत एक चढाचा सराव, एक लांब पळ, बाकी पाढ्याच्या वेगाने. पोटरीसाठी जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाचा हळू खाली, हळू वर, आधी दोन्ही पायांवर, मग एकेका पायावर, पुढे पाठीवर नातवाचं दप्तर. नातू खूश. उतार पळायचा सराव मात्र मुद्दाम ठेवला, थोडा थोडा, कारण या शर्यतीत चढाला फुफ्फुसं लागतात आणि मांड्या उतारावर मोडतात. जानेवारी २०२५ मध्ये सहा किलोमीटर दोन श्वासांच्या पाढ्याने ४३:४०, जूनमध्ये ४२:३०. लघुतम मापाच्या वरचा फरक, म्हणजे बातमी.

ध्येयं तीन ठरली, आणि क्रम काकांचा. पहिलं: शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जिना कठड्याला हात न लावता उतरायचा. दुसरं: घाटात चालायचं नाही. तिसरं, वेळेचं: २०२३ च्या १५१ मिनिटांवर दोन वर्षांचे दोन टक्के, म्हणजे २ तास ३४ मिनिटांच्या आत. मी वेळ सगळ्यात वर ठेवली असती. काकूंना यादी दाखवली तर त्या म्हणाल्या, पहिलं एकच पुरे.

२०२५ च्या शर्यतीत काका घाटात एकदा चालले, पाण्याच्या टेबलापाशी, वीसेक पावलं. वेळ झाली २:३४:५०. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी फोन केला तो जिन्याच्या खालून. कठड्याला हात लागला नव्हता. काकू साक्षीला होत्या.

संध्याकाळी वही घेऊन घरी आले. पन्नास सेकंदांनी तिसरं ध्येय हुकलंय, हे त्यांना टोचत होतं. म्हणाले, "मास्तरीणबाई, कागदावरचं वय धरलंस तू. भूकंपाचं धर की. वर्षानं थोरला हाय मी, एक टक्का म्हंजे दीड मिनिट. पास की मग."

मी समजावून सांगितलं, की मोठे असाल तर २०२३ मध्येही तेवढेच मोठे होतात, दोन वर्षांचा फरक दोनच राहतो, हिशेब हलत नाही. कागदावर दोन्ही बाजूंनी वर्ष मिळवून दाखवलं. काकांनी चष्मा वर करून सगळं गणित नीट बघितलं, बरोबर आहे म्हणाले, आणि पेन काढून वहीत लिहिलं: '२:३४:५०. कसं वाटलं ८. गोळी तीच. पाढा पहिल्या घाटापर्यंत दोन श्वासांत. भूकंपाप्रमाणे पास.'